वेंबुलींचे चार चंद्र

दिवेलागणीला वेंबुली अंगणात स्टूल आणून ठेवायचे, डावा डोळा तळहाताने झाकायचे, उजवा दुर्बिणीला लावायचे आणि मोठ्याने मोजायचे, "एक, दोन, तीन, चार." मग "बरं" म्हणून स्टूल उचलायचे. त्यांच्या डाव्या डोळ्याला अकरा वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं, तेव्हा तो झाकायची गरजच नव्हती. पण दोन्ही डोळे धड होते तेव्हाची ती सवय होती आणि हाताला ती सोडवत नव्हती. मोजून झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायचं, उलटं करायचं, मधे एक छोटं वर्तुळ काढायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जसे दिसले तसे, चार ठिपके. ती पानं दारामागच्या तारेत ओवलेली असत. वाऱ्याने दार हललं की ती सळसळत.

ते वर्तुळ म्हणजे गुरू, आणि ठिपके म्हणजे त्याचे चार मोठे चंद्र. गुरू संध्याकाळच्या आकाशात असेल तेव्हा वेंबुली संध्याकाळी मोजत, पहाटेच्या आकाशात गेला की पहाटे उठत. वर्षातून एकदा महिनाभर तो सूर्याआड जाई, तेवढे दिवस मात्र त्यांचं कुणाशी धड पटत नसे. सेंबगम अम्मा, त्यांची बायको, शेजारणींना सांगायच्या, "आमच्याकडे सध्या गुरू नाही. कामापुरतंच बोला."

आमच्या डोंगरावर हे कुणाला विचित्र वाटत नसे. डोंगराच्या माथ्यावर वेधशाळेचे पांढरे घुमट आहेत आणि खालचं सगळं गाव या ना त्या मार्गाने त्या घुमटांचं आहे. कुणी जीप चालवतो, कुणी घुमटाचं छत उघडतो, कुणी रात्रपाळीच्या लोकांसाठी उपमा करून वर पाठवतो. आमच्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांना वरून पत्र्याच्या टोप्या असतात. लग्नातसुद्धा मांडवावर झगमगाट करत नाहीत, खालून आलेल्या सुनांना पहिल्यांदा रडू येतं ते याच अंधारामुळे. सेंबगम अम्माही आल्या तेव्हा रडल्या होत्या म्हणे. सपाटीवरच्या गावातून आलेल्या, तिथे देवळाच्या गोपुरावर रात्रभर दिवे. "याच्या घरात एक आरसा नाही," त्यांनी माहेरी कळवलं होतं, "आणि हा म्हणे आरसे करतो."

वेंबुली खरंच आरसे करत. चौतीस वर्षं ते घुमटामागच्या खोलीत काच घासत होते. पिंपावर एक जाड काचेची तबकडी, तिच्यावर दुसरी ठेवायची, मधे ओली पूड घालायची आणि पुढे-मागे घासत घासत पिंपाभोवती फिरायचं. एक पाऊल, एक घासणी, एक पाऊल. महिन्यामागून महिने. खालची काच मधून फुगत जाते, वरची मधून खोल होत जाते, आणि ती खोल झालेली काच म्हणजे दुर्बिणीचा आरसा. शेवटी शेवटी केसाच्या हजाराव्या भागाचा फरक काढायचा असतो, तो हाताने घासून निघतो. वेंबुली नुसता अंगठा टेकवून थोडा वेळ थांबत आणि त्या उबेने काच तेवढ्यापुरती किती उचलली जाते ते यंत्रात बघत. त्यांनी केलेल्या आरशांतून शिकलेल्या लोकांनी काय काय बघितलं, त्याची त्यांना फारशी माहिती नव्हती. निवृत्तीच्या वेळी त्यांनी एवढंच मागितलं, एक बाद झालेली सहा इंची काच. तिचा आरसा केला, नळाच्या जाड प्लॅस्टिकच्या पाइपात बसवला, आणि ती दुर्बीण अंगणात उभी राहिली.

निवृत्तीच्याच वर्षी डावा डोळा गेला. काचबिंदू. न दुखता, न खुपता गेला. खाली शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "उजव्यातही तोच आजार आहे. थेंब सकाळ-संध्याकाळ. एकही वेळ चुकवायची नाही. आणि काही दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी या. गेलेलं परत आणता येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं."

वेंबुली घरी आले, त्यांनी थेंब घातले, आणि मग विचारात पडले. काही दिसेनासं झालंय हे माणसाला कळणार कसं? जे दिसतच नाही, ते दिसत नाही हे कोण सांगणार? त्यासाठी असं काहीतरी हवं, जे तिथे आहे हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे. भिंतीवरचं कॅलेंडर पाठ होतं, त्याचा उपयोग नाही. मग त्यांनी गुरूचे चंद्र धरले. रोज चार, पण रोज निराळ्या जागी. पाठ करून फसवता येणार नाही असे.

पुढच्या तपासणीला त्यांनी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "हा आजार असा मोजून ठिपके नेत नाही हो, कडेकडेने येतो. पण मोजण्याच्या निमित्ताने थेंब वेळेवर पडत असतील, तर मोजा."

वेंबुलींनी त्यातला "मोजा" तेवढा घरी आणला.

मोजण्यात एक अडचण होती. चारही चंद्र रोज दिसतातच असं नाही. एखादा गुरूच्या पाठीमागे गेलेला असतो, एखादा पुढून सरकताना त्याच्या उजेडात हरवतो. आणि एखादा गुरूपासून चांगला बाजूला, मोकळ्या आकाशात असतानाच नाहीसा होतो, कारण तो गुरूच्या लांब सावलीत शिरलेला असतो. आपला चंद्र ग्रहणात निदान तांबूस दिसतो. ते मात्र विझतातच. म्हणून कुठला चंद्र कधी झाकणार याचा तक्ता लागतो. तो वरच्या ग्रंथालयातल्या जाड पंचांगात असतो. तिथले कारकून दोराईराज दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, गुरू आपल्याकडे आकाशात असताना घडणाऱ्या तेवढ्या घटना एका कागदावर उतरवून पाठवत. वेळा ग्रीनिचच्या. डोंगरावर सगळं काम त्याच घड्याळाने चालतं. वेंबुली चष्मा लावून बसत, प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवत, आणि आपली वेळ शेजारी पेन्सिलने लिहीत. अकरा वर्षांत तो कागद एकदाही चुकला नव्हता. "एक वेळ मी चुकेन," ते म्हणत, "कागद चुकायचा नाही."

शनिवारी संध्याकाळी बाहेरची माणसं डोंगरावर आकाश बघायला येत. तेव्हा वेंबुलींना वर बोलावणं असे. रांगेतल्या प्रत्येकाला गुरू दाखवता दाखवता ते बोलत राहत. "तिथे जमीन नाही बरं का. उतरायला जाल तर पाय टेकायचाच नाही, नुसता वायू, खाली जाल तसा दाट दाट होत जाणारा. आणि आकार एवढा, की आपल्या तेराशे पृथ्व्या आत मावतील. पण गडबड केवढी! स्वतःभोवतीची फेरी दहा तासांच्या आत. तिथे राहिलो असतो तर आमच्या हिचा स्वयंपाक होईस्तोवर दुसरा दिवस उजाडला असता." लोक हसले की पुढचं. "वर्ष मात्र लांब. आपली बारा वर्षं म्हणजे तिथलं एक. त्या मानाने मी आत्ता सहा वर्षांचा. शाळेत घालायचं वय."

चंद्रांची ओळख ते घरच्या माणसांसारखी करून देत. सगळ्यात आतला आयो, त्याच्यावर सारखे ज्वालामुखी उसळतात आणि आठवड्यात तो जवळजवळ चार फेऱ्या मारतो. तो धांदरट. दुसरा युरोपा, वरून बर्फ, आणि बर्फाखाली समुद्र असावा असं शिकलेले लोक म्हणतात. तो आतल्या गाठीचा. तिसरा गॅनिमीड, सूर्यमालेतला सगळ्यात मोठा चंद्र, बुध ग्रहापेक्षाही मोठा. तो थोरला. चौथा कॅलिस्टो, खड्ड्याखड्ड्यांचा, एका फेरीला सतरा दिवस घेणारा. तो म्हातारा. "बाकीचे नव्वदच्या वर आहेत, पण ते वऱ्हाडातले. त्यांना कोण ओळखतो?"

त्या वर्षी जानेवारीत पोंगलचा सण झाल्यावर दोराईराज निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एळिल आली. एळिल खालच्या गावातली, ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेली, केसांत रोज कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती स्वतः कागद घेऊन वेंबुलींच्या दारात आली. "दोराईराज सर सांगून गेलेत, तात्तांचा कागद चुकवायचा नाही म्हणून." आमच्याकडे आजोबाला तात्ता म्हणतात. वेंबुली खूश झाले. सेंबगम अम्मांनी तिला सुंदल खाऊ घातलं. त्या दिवशी गुरुवार होता, देवळातल्या नवग्रहांतल्या गुरूला घातलेली हरभऱ्यांची माळ घरी येऊन, उकडून, खोबरं घालून परतून तिचं सुंदल झालं होतं.

"तुमचा गुरू हरभरे खातो," वेंबुली म्हणाले, "माझा नुसता हायड्रोजनवर आहे."

"म्हणूनच त्याच्या अंगाला काही लागत नाही," अम्मा म्हणाल्या. "एवढा देह, आणि सगळा वारा."

एळिल गेल्यावर वेंबुलींनी सगळ्या वेळांत साडेपाच मिळवले आणि नाराज झाले. जवळजवळ प्रत्येक घटना मध्यरात्रीनंतरची निघाली. त्या महिन्यात गुरू बारालाच मावळत होता. "पोरगी नवीन आहे," ते म्हणाले, "नेमकं न दिसणारं तेवढं निवडून दिलंय." त्यांनी एकेक ओळ पेन्सिलने खोडली. म्हणजे या महिन्यात, निदान संध्याकाळी, चारही दिसायला हवेत. मग सहा दिवस ढग होते. सातव्या दिवशी, बुधवारी, आकाश निवळलं.

त्या संध्याकाळी सात वाजता त्यांनी मोजलं तेव्हा चार होते. थोरला गुरूपासून बराच बाजूला, ठळक, नेहमीसारखा. "बरं" म्हणून ते उठणार, एवढ्यात सहा दिवसांची भूक म्हणून पुन्हा बसले. बसले म्हणूनच त्यांना ते दिसलं. थोरला मंद होत होता. आधी त्यांना वाटलं भिंगावर दव धरलं. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसलं, पुन्हा डोळा लावला. बाकीचे तिघे तसेच होते, टोचतील इतके स्वच्छ. थोरला तेवढा म्हाताऱ्याहून फिका झाला होता. मग डोळ्यांत पाणी आल्यावर दिसतं तसा. मग नव्हताच.

त्यांनी आत जाऊन कागद बघितला. थोरल्याची ओळ होती, ती त्यांनीच खोडलेली. वेळ रात्री बारा चाळीस. आत्ता सात वीस.

चौघांतला सगळ्यात ठळक तोच. तोच दिसेना म्हटल्यावर फिके कधी जातील?

"सेंबगम," त्यांनी हाक मारली. आवाज शक्य तितका रोजचा ठेवला. "जरा ये बघू. किती दिसतात सांग."

अम्मा पदराला हात पुसत आल्या, वाकल्या, दुर्बिणीला डोळा लावला. "चार," म्हणाल्या.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. चार. रसम उतू जातंय, जाऊ मी?"

त्यांनी दुर्बिणीवर टोपी चढवली. त्या दिवसाचं पान फाडलं नाही.

हे सगळं मला पुढे अम्मांनी सांगितलं, थोडं एळिलने, आणि राहिलेलं त्यांनी स्वतः, हसत हसत. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. अंथरुणावर पडून ते छताचे वासे मोजत होते. अंधारात वासे दिसत नव्हते, ते पाठ होते, म्हणून मोजता येत होते. पुढे सगळंच असं होईल, असं त्यांच्या मनात आलं. घर पाठ आहे. परसातली विहीर पाठ आहे. वरचा रस्ता पाठ आहे. आकाश तेवढं पाठ करता येत नाही.

पहाटे अम्मा उठल्या तर हे दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत हळूहळू चालत होते. डोळे मिटलेले, एक हात पुढे.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. फरशी किती गार आहे बघतोय."

"डोळे मिटून?"

"गारवा काय डोळ्यांनी बघतात?"

अम्मा डोसे घालायला बसल्या. वेंबुली समोर पाटावर बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. नाकातली खड्याची चमकी, कानामागचा पांढरा झुपका, पळीने पीठ गोल फिरवणारा हात.

"असं काय बघताय? जळलाय का डोसा?"

"नाही."

"मग खा की."

"मी जरा शहरात जाऊन येतो. थेंब संपत आलेत."

"परवाच तर आणलेत!"

"अगं, जास्तीचे असू देत," म्हणून ते उठले. पिशवीत त्यांनी थेंबांची बाटली टाकली, डॉक्टरांचे कागद, एक सदरा, आणि एळिलचा कागद. बस साडेनऊला वरूनच सुटते. त्याआधी ग्रंथालयात जाऊन सांगायला हवं होतं, की शनिवारी येणार नाही. येत्या कुठल्याच शनिवारी नाही.

एळिल पुस्तकांच्या फळ्या पुसत होती. "या तात्ता! बरं झालं आलात. परवा शाळेची मुलं येतायत, ऐंशी. तुम्ही लवकरच या."

"तेच सांगायला आलो. मला जमणार नाही. दुसरं कुणी बघ."

"म्हणजे काय? दुसरं कोण आहे? जीपवाले अण्णा सांगतील गुरूवर पाऊस पडतो म्हणून."

"आणि हा कागद ठेव. मला आता नको."

एळिलचा चेहरा उतरला. "चुकलाय का काही? पहिलाच होता माझा. मी दोनदा ताडून बघितला हो."

"कागद चुकत नाही, पोरी. चुकायचं असतं ते माणसाचं."

तिने कागद उलगडला आणि पेन्सिलीच्या रेघांकडे बघत राहिली. "हे सगळं खोडलंत का?"

वेंबुलींना खरं तर बसायचं होतं, पण बसलो तर बोलून जाऊ म्हणून ते उभेच होते. "गुरू मावळल्यानंतरचं आहे ते. कसं दिसणार? तुला बोललो नाही, नवीन आहेस म्हणून. दोराईराज दिसण्यासारखं तेवढंच निवडायचा."

"मीपण तेवढंच निवडलंय!" एळिल जवळजवळ भांडायलाच उठली. "एकेक ओळ बघून घेतलीय. गुरू वर असतानाचीच. ही बघा, गॅनिमीड सावलीत शिरतो, बुधवार, एकोणीस दहा. म्हणजे काल संध्याकाळी सात दहा. तेव्हा गुरू डोक्यावर असतो की नाही?"

"अगं, पण साडेपाच?"

"साडेपाच काय?"

"मिळवायचे असतात ना ग्रीनिचमध्ये!"

"ते मी मिळवूनच दिलेत, तात्ता." तिने कागद त्यांच्यासमोर धरला. "म्हटलं वयस्क माणूस, एकाच डोळ्याने बघणार, कशाला बेरजा करत बसायला लावायचं. तुम्ही परत मिळवलेत?"

वेंबुलींनी कागद घेतला नाही. ते खिडकीकडे वळले. बाहेर घुमट उन्हात पांढराफेक पडला होता.

"तो एकदम जातो," त्यांनी विचारलं, "की हळूहळू?"

"कोण?"

"थोरला. गॅनिमीड. सावलीत जाताना."

एळिलने जाड पंचांग ओढून घेतलं, पानं उलटली. "मोठा आहे ना, पूर्ण शिरायला काही मिनिटं लागतात. फिका होत होत जातो. मग बाहेर आला रात्री दहाच्या आसपास. का हो?"

"फिका होत होत," वेंबुली म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे मला बरोबर दिसलं."

आणि तिथेच, दोन फळ्यांच्या मधे, ते जमिनीवर बसले. एळिल घाबरली, पाणी आणायला धावली. परत आली तर ते मांडी घालून हसत होते, आणि डोळे पुसत होते, दोन्ही. पाणी प्यायले. आणखी मागितलं. तेही प्यायले. मग विचारलं, "कँटीनमध्ये आज काय आहे गं? काल दुपारपासून जेवलेलो नाही."

मूगडाळ-तांदळाचा पोंगल होता. दोन वाट्या खाल्ला. मागून वडा घेतला. जीपवाले अण्णा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "काय तात्ता, कुणाचं बारसं आहे?"

"माझंच," वेंबुली म्हणाले.

साडेनऊची बस त्यांच्यासमोरून गेली. त्यांनी ड्रायव्हरला हात केला, जा म्हणून. मग पिशवी खांद्याला लावून उतरणीने घरी निघाले. वाटेत चिंचेखाली आल्यावर मात्र थांबले. मागून येणाऱ्या दूधवाल्याने सायकलवरून विचारलं, काय झालं, तर त्याला म्हणाले, "तू जा." थोरला काल सात वीसला तिथे नव्हताच. मग हिला चार कसे दिसले?

अम्मा परसात चिंच सोलत होत्या. वेंबुली समोर उकिडवे बसले.

"बस चुकली?"

"सोडली. सेंबगम, एक विचारतो. काल तुला किती दिसले?"

"चार म्हटलं ना."

"काल तीनच होते. पंचांगात आहे."

अम्मांचा हात थांबला नाही. त्यांनी आणखी दोन चिंचोके काढले. मग म्हणाल्या, "असतील तीन."

"मग चार का म्हणालीस?"

"तुम्हाला चार आवडतात म्हणून."

"अगं, म्हणजे तू बघितलंच नाहीस?"

"बघते की. कधीतरी बोलावता तेव्हा वाकून बघते. आधी दिसायचे, मोत्यासारखे. अलीकडे नुसता पिवळा ढग दिसतो. तुम्ही एवढे आशेने विचारता, त्यावर काय ढग म्हणून सांगू?"

"अलीकडे म्हणजे कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं."

"सेंबगम, तुझ्या त्या चारपायी मी काल रात्रभर आंधळा झालो होतो!"

"तुम्ही एक रात्र," अम्मा म्हणाल्या, "मी तीन वर्षं होतेय, त्याचं काय?"

वेंबुलींनी पुढे होऊन त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. सकाळी ते हाच चेहरा पाठ करत बसले होते. नाकातली चमकी, पांढरा झुपका, सगळं बघितलं होतं, डोळे तेवढे बघितले नव्हते. दोन्ही बुबुळांच्या मधे ताकाचा थेंब पडल्यासारखं धुरकट होतं. चौतीस वर्षं काचेतला डाग हजार पावलांवरून ओळखणारा माणूस.

"सोडा, लोक बघतील," अम्मा म्हणाल्या.

"बघू देत. त्यांना दिसतंय ना, मग बघू देत."

दुसऱ्या दिवशीच्या साडेनऊच्या बसने दोघं गेली. अम्मा वाटभर कुरकुरत होत्या, की चिंच उन्हात राहिली, की मला काही झालेलं नाही, की शहरात लोक चांगले डोळे कापतात. डॉक्टरीणबाईंनी आधी वेंबुलींचा डोळा तपासला. दाब अगदी बेताचा होता, गेल्या वर्षीपेक्षाही कमी. मग अम्मांना खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने उजेड टाकून बघितलं. वेंबुली दारातून म्हणाले, "तोच आजार?"

"नाही हो. मोतीबिंदू. दोन्हीकडे. हा काढता येतो, आणि काढल्यावर दिसतं." मग अम्मांकडे वळून, "इतके दिवस का नाही आलात?"

"मला कुठे काही मोजायचं असतं?" अम्मा म्हणाल्या.

एका डोळ्याचं काम त्याच महिन्यात झालं. शनिवारच्या ऐंशी मुलांना वेंबुलींनीच गुरू दाखवला आणि साडेपाच तासांची गोष्टही सांगितली, नावं बदलून. एळिल मागे उभी राहून लाल झाली होती. पुढच्या महिन्यापासून तिच्या कागदावर मोठ्या अक्षरांत "आपली वेळ, मिळवू नये" असं लिहिलेलं असे. वेंबुली तरीही प्रत्येक ओळीसमोर काहीतरी मिळवून, वजा करून बघत. विश्वास नाही म्हणून नव्हे, हाताला काम म्हणून.

पट्टी सुटल्यानंतरच्या आठवड्यात अम्मा आपण होऊन अंगणात आल्या. वेंबुली मोजून उठले होते, पण आकडा त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटला नव्हता. अम्मा वाकल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेल्या राहिल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "थांबा. चार. एक अगदी चिकटून बसलाय."

"कोण तो?"

"मला काय माहीत? तुमची माणसं. धांदरट असेल."

तो धांदरटच होता. वेंबुलींनी त्या दिवशीचं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. अम्मांचं वर्तुळ वाकडं आलं, ठिपके हरभऱ्याएवढे. ते पान तसंच तारेत गेलं.

त्यानंतर चार वर्षं दोघं मोजत होती. रोज भांडण असे, आज आधी कोण बघणार यावर. वेंबुलींचा उजवा डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला. अम्मा दुसऱ्या डोळ्याचं काम पुढे पुढे ढकलत होत्या, ते अखेर चौथ्या वर्षी आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, झालं. शहरातून परत आल्यावर दोन दिवस वेंबुली त्यांना चुलीपाशी जाऊ देत नव्हते. स्वतः भात केला, तो खाली लागला, तो दोघांनी खाल्ला. दुसऱ्या रात्री झोपताना त्यांनी अम्मांच्या डोळ्यात थेंब घातला, मग स्वतःच्या. सकाळी अम्मांनी हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते, कुशीवर, उशीखाली हात घेऊन. अम्मा सांगतात, रात्री काही विशेष बोलणं झालं नव्हतं. दिवा मालवून ते म्हणाले, "डोळा चोळू नकोस हं. आणि उद्या दूध थोडं जास्त घे, कॉफी फार पांचट झाली होती आज."